रोट, दशांश आणि रविवारची वेचणी

पत्र

ताई, सलाम. मी पारोळा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. घरात आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. आईचं देवदेव चालू आहे. बायको उपासनेला येते, पण तिने अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही.

आमच्या भाऊबंदकीत श्रावणात कानबाई, ही आपली खानदेशातली देवी, बसते. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजताना काकांनी नेहमीसारखी माझ्या नावाची सव्वा मूठ धरली. रविवारी काकू ताट घेऊन आली. काका म्हणाले, 'खाई ले भो, घरनाच रोट शे.' मी ताट परत लोटलं आणि सगळ्यांच्या देखत बोललो, हे सैतानाचं अन्न आहे. आई रडली. 'तू आते आमना नही ऱ्हायना का रे?' एवढंच म्हणाली. तेव्हापासून काका बोलत नाहीत. नंतर मुलगी तापाने फणफणली. आईने तिला गुपचूप रोट भरवला होता असं कळलं. आमचे पाळक म्हणाले, त्या रोटामुळेच ताप आला.

माझं चुकलं का? पुढच्या वर्षी कानबाईच्या रात्री काकांकडे जाऊन बसलं तर चालेल का? दुसरं, कापसाचे जेवढे पैसे येतील त्या सगळ्याचा दशांश द्यायचा, नाहीतर देवाची चोरी होते, असं सांगतात. माझं विकास सोसायटीचं पीककर्ज थकलेलं आहे. रविवारी वेचणी केली तर पाप लागतं का? बायकोच्या टिकली-मंगळसूत्रावरून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुजबुज होते. आणि माझं नाव देवाचं आहे म्हणून ते बदला असंही म्हणतात. पवित्र शास्त्र, बायबल, काय सांगतं ते स्पष्ट लिहा. नाव छापू नका.

उत्तर

प्रिय भाऊ, सलाम.

तुमच्या प्रश्नांच्या यादीत मुलीचा ताप नाही, पण मी तिथूनच सुरुवात करते. ताप उतरला की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. उतरला असेल तर देवाची स्तुती असो. अजून अधूनमधून येत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे घराघरात डासांचे ताप असतात. रोट खाल्लेल्यांच्या घरात असतात, न खाल्लेल्यांच्याही असतात. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता आणि प्रेषित पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. प्रार्थना आणि रक्ततपासणी यांतलं एक निवडा असं शास्त्र कुठेच म्हणत नाही.

रोटाने ताप आला हे म्हणणं मला मान्य नाही, आणि यात 'एकेकाचं मत' म्हणून सोडून देण्यासारखंही काही नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू येशू म्हणतात, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात ते सांगतात की बाहेरून पोटात जाणारं माणसाला विटाळत नाही, मनातून निघतं ते विटाळतं. सहा वर्षांच्या पोरीने आजीच्या हातचा घास खाल्ला म्हणून तिला शिक्षा करणारा देव या पुस्तकात मला सापडलेला नाही. आणि तुमच्या आईचा विचार करा. नातीला आजारी पाडल्याचा आळ तिच्यावर आलाय. तो आधी काढा. तिला जवळ बसवून तोंडाने सांगा, की ताप तुझ्यामुळे आला नाही.

आता रोट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पौलाने या प्रश्नावर जेवढी शाई खर्च केली तेवढी फार थोड्या प्रश्नांवर केली असेल. करिंथ हे रोमी अमलाखालचं ग्रीक शहर. पौलाने इ.स. ५४-५५ च्या सुमाराला इफिसातून तिथल्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचाच विषय आहे. त्या शहराच्या उत्खननात देवळांना लागून जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत. नातेवाईक, धंद्यातली माणसं तिथे जेवायला बोलवायची. गेलं तर देवाशी बेइमानी, न गेलं तर माणसं तुटणार. म्हणजे काकूने तुमच्यासमोर ठेवलेलं ताट नवीन नाही, दोन हजार वर्षांपूर्वी ते करिंथच्या विश्वासणाऱ्यांसमोरही आलेलं होतं.

पौल सरसकट हो म्हणत नाही आणि सरसकट नाहीही म्हणत नाही. तो जागा वेगळ्या करतो. बाजारात जे विकत मिळतं ते खा, ते देवळातून आलंय का याची चौकशी करत बसू नका, पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. कोणी घरी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. पण वाढताना कोणी मुद्दाम सांगितलं, की हा नैवेद्य आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि जिथे खाणं हाच पूजेचा भाग आहे, जिथे त्या पंगतीत बसणं म्हणजे त्या देवतेच्या मेजात वाटा घेणं आहे, तिथे नाही. प्रभूच्या मेजाचा आणि दुसऱ्या मेजाचा वाटा एकाच वेळी घेता येत नाही, असं तो दहाव्या अध्यायात बजावतो.

या मापाने बघा. शेजारणीने दिलेला दिवाळीचा फराळ खा. लग्नाची पंगत खा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची आगारी टाकायला बसू नका, पण नंतर घरातले सगळे आमरस-पुरणपोळीला बसतात तेव्हा आईच्या शेजारी बसून पोटभर जेवा, ते घरचं जेवण आहे. रोटाचं तसं नाही. तो वाटेल त्याला देत नाहीत. नावाची मूठ मोजलेली असते, भाऊबंदकीतल्याच माणसांनी खायचा असतो, आणि ज्याने खाल्ला तो त्या कानबाईचा. तुमच्या काकांना हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर त्यांनी आग्रह केला. तेव्हा रोट न खाणं, माझ्या मते, बरोबरच होतं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सगळे ख्रिस्ती रेषा इथेच ओढत नाहीत. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला कॅथलिक माणूस वेगळं सांगेल, नवापूर-चिंचपाड्याकडचा तिसऱ्या पिढीतला मावची आदिवासी विश्वासी वेगळं सांगेल, आणि कालपरवा सुरू झालेल्या प्रार्थनागृहात आणखी कडक ऐकायला मिळेल. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला दोघांनाही दम देतो, की एकाने दुसऱ्याला तुच्छ लेखू नये आणि दुसऱ्याने पहिल्याचा न्याय करू नये. तुमच्या मंडळीतल्या एखाद्याने रोट खाल्ला असं कळलं, तर त्याच्या दाराशी पहारा द्यायला जाऊ नका.

राहिलं तुमचं वाक्य, 'सैतानाचं अन्न'. पौलाने भुतांचा उल्लेख केलाय हे खरं, पण तो विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात, आणि त्यांना सावध करण्यासाठी. कोणाच्या चुलत्याच्या ओसरीवर उभं राहून, पाव्हण्यांसमोर त्याने ते म्हटलेलं नाही. अथेन्समध्ये मूर्ती पाहून त्याच्या जिवाचा संताप झाला असं प्रेषितांची कृत्ये सांगतं, पण लोकांसमोर उभा राहिला तेव्हा त्याने सुरुवात कशी केली? तुम्ही देवाधर्माचं फार मानणारे लोक आहात हे मला दिसतंय, अशी. संताप त्याने मनात ठेवला आणि तोंडाने आदर दिला. तुम्ही बोललात ते एका बाईला उद्देशून नव्हतं हे मला कळतं, पण तुमच्या काकूने पहाटे उठून चुलीपुढे बसून ते पुरण वाटलं होतं. तिने काय ऐकलं असेल?

नकार कसा द्यावा याचा नमुना हवा असेल तर दानीएलाचा पहिला अध्याय वाचा. बाबेलच्या राजाच्या ताटातलं आपल्याला नको, हे त्याने आधीच मनाशी ठरवलं होतं. मग तो अधिकाऱ्याकडे गेला, वेळेआधी गेला, विनंती केली, आणि वर स्वतःच तोड सुचवली, की दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघा. राजवाड्यात ताट आपटलं नाही, आचाऱ्याला नावं ठेवली नाहीत. तुमचं घोडं इथेच अडलं. काका मूठ मोजत होते तेव्हा तुम्ही गप्प बसलात. नाव त्या धान्यात गेलं, ताट समोर आलं, आणि मग तोंड उघडलं. ऐन पंगतीत दिलेला नकार कितीही बरोबर असला तरी तो अपमान होऊन बसतो.

म्हणून पुढच्या वर्षी नागपंचमीची वाट बघू नका. खरं तर आता दिवाळीलाच काकांकडे जा. आधी त्या बोलण्याची माफी मागा. 'पण माझं म्हणणं बरोबर होतं' ही शेपूट तिला जोडू नका, नाहीतर माफी वाया जाईल. आणि मग स्वच्छ सांगा: काका, कानबाईच्या गव्हात माझी मूठ धरू नका, मला ते चालत नाही. पण माझं नाव भाऊबंदकीतून काढू नका. शेताच्या बांधाला, लग्नकार्याला, मयतीला, दवाखान्यात मी तुमचाच आहे. हे काकांना पटेलच असं नाही. कदाचित वर्षभर अबोला चालेल. त्याची तयारी ठेवा, कारण येशूच्या मागे जाताना घरात तेढ पडू शकते हे प्रभूंनी लपवून ठेवलेलं नाही. फक्त ती तेढ त्यांच्या नावाने पडावी, आपल्या जिभेने नको.

रात्री जाऊन बसावं का? इथे मला नामान आठवतो. अरामी सेनापती, कुष्ठरोगी, अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात वेळा बुडून बरा झालेला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, यापुढे मी परमेश्वराशिवाय कोणाला यज्ञ करणार नाही. पण एक अडचण आहे. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, मग मलाही वाकावं लागतं. तेवढ्याची मला क्षमा होईल का? अलीशाने नियमांचा कागद काढला नाही. 'शांतीने जा' म्हणाला. लोक या उत्तरावर शतकानुशतकं डोकं खाजवत आलेत आणि ते बरंच आहे, कारण त्यात एका माणसाची खरी अडचण एका संदेष्ट्याने ऐकून घेतलीय.

तुम्ही राजाचा हात धरणारे नाही, त्यामुळे तुम्हाला वाकायची सक्ती कोणी केलेली नाही. आरती करू नका, चौरंग डोक्यावर घेऊ नका. पण मांडवाच्या बल्ल्या रोवायला, पाण्याचा टँकर आणायला, पाव्हण्यांना एसटी स्टँडवरून गाडीवर घेऊन यायला, दुसऱ्या दिवशी भांडी घासायला कोण लागतं? जा आणि ते करा. रात्री बायका गाणी म्हणतात तेव्हा ओसरीत बसून म्हाताऱ्यांशी गप्पा मारल्या तर तुमचा बाप्तिस्मा धुऊन जात नाही. एकच पथ्य पाळा. गावात तुमच्यामागून विश्वासात आलेलं कोणी नवखं कुटुंब असेल, आणि तुम्हाला तिथे बघून त्यांच्या मनात गोंधळ होणार असेल, तर त्यांना आधी समजावून सांगा की मी कशाला जातोय आणि कशात भाग घेणार नाही. करिंथच्या त्याच पत्राच्या आठव्या अध्यायातली, विश्वासात दुबळ्या असलेल्या भावाची काळजी ती हीच. मात्र 'मला ठेच लागते' असं म्हणून सगळ्या मंडळीला नाचवणारा एखादा असतो, तो दुबळा नसतो, चांगला दणकट असतो. त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका.

तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला एक गोष्ट खटकली. तुम्ही विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक नियमाची किंमत दुसरं कोणीतरी मोजतंय. रोटाची आईने मोजली. टिकलीची बायको मोजतेय. दशांशाची कोण मोजेल ते आता बघू.

दशांश. मोशेच्या नियमशास्त्रात तो आहे, यात वाद नाही. पण बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा अध्याय बाविसाव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा, कारण तो भाग व्यासपीठावरून क्वचितच ऐकायला मिळतो. धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दशांश परमेश्वर निवडील त्या ठिकाणी न्यायचा आणि घरच्या माणसांसह तिथे बसून आनंदाने खायचा. ठिकाण लांब असेल तर पैसे करून न्यायचे. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश आपल्याच गावात साठवायचा, लेव्यांसाठी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशासाठी), परक्यांसाठी, अनाथांसाठी, विधवांसाठी. मलाखी संदेष्टा 'कोठारात दशांश आणा' म्हणतो तेही या व्यवस्थेबद्दल, जी मंदिरावर आणि लेव्यांवर उभी होती. ते कोठार म्हणजे आपल्या मंडळीचं बँक खातं, अशी उडी मारण्याआधी जरा थांबावं.

नव्या करारात मंडळ्यांना दहा टक्क्यांची आज्ञा दिलेली नाही. प्रभूंनी परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, सुनावलं, पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता पण न्याय, दया, विश्वास सोडता. पौल करिंथकरांना सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसं मिळालं असेल तसं बाजूला ठेवा. दुसऱ्या पत्रात म्हणतो, ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, जे नाही त्या मानाने नाही. आणि देणं मनाने ठरवून द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नको. म्हणजे द्यायचं नाही असा अर्थ काढू नका. कितीतरी विश्वासी दहावा भाग शिस्त म्हणून देतात आणि मला ती शिस्त आवडते. ज्याची कमाई मोठी आहे त्याने तर दहावर थांबू नये.

पण हिशोब शेतकऱ्यासारखा करा, पगारदारासारखा नको. समजा कापसाचे एक लाख आले. बियाणं, खत, फवारणी, निंदणी आणि किलोवारी वेचणी मिळून साठ हजार गेले. हातात राहिले चाळीस. एक लाखावर दहा हजार दिले तर ते तुमच्या खऱ्या उत्पन्नाचा चौथा भाग झाले. एवढी मागणी मोशेनेही केली नव्हती, तो पिकाचा दहावा भाग मागत होता आणि त्याच्या माणसांना दरवर्षी पाकीटबंद बी विकत घ्यावं लागत नव्हतं. निव्वळ उरलेल्यावर हिशोब धरलात तर कोणी तुम्हाला चोर म्हणू शकत नाही.

आणि थकलेलं पीककर्ज? आधी ते. कोणाचं देणं ठेवू नका असं रोमकरांस पत्र सांगतं, आणि उसनं घेऊन परत न करणाऱ्याला सदतिसावं स्तोत्र दुर्जन म्हणतं. मुदतीत भरलं तर व्याजात सवलत मिळते, थकलं की पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभं करत नाही आणि मग सावकार. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूंनी कुर्बानाबद्दल काय म्हटलंय ते बघा. आईबापांना जे द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणून सांगायचं आणि त्यांना उपाशी ठेवायचं, याला ते देवाचं वचन रद्द करणं म्हणतात. तुमच्या आईची औषधं, पोरीची फी आणि सोसायटीचा हप्ता हे देवाच्या वाट्यातून चोरलेले पैसे नाहीत. कर्ज फिटेपर्यंत दर रविवारी जमेल तेवढं टाका, वीस रुपये असले तरी. गरीब विधवेच्या दोन टोल्यांचं, म्हणजे दोन चिल्लर नाण्यांचं, मोल प्रभूंनी स्वतः केलंय, पण त्याच्या अगोदरच्याच वचनांत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दलही ते बोललेत. दोन्ही एकत्र वाचावं.

हे पाळकांना कसं सांगावं? एकटं गाठून, नम्रपणे, आकडे घेऊन. बहुतेक खेड्यांतल्या पाळकांना ठरलेला पगार नसतो, भाड्याचं घर असतं, मोटरसायकलवर तीन-चार गावं करायची असतात. 'दशांश द्या' यामागे बऱ्याचदा घरातल्या गॅसची काळजी असते. दाण्यांचं, डाळीचं पोतं देता येत असेल तर द्या, काम करणारा मजुरीला पात्र आहे असं शास्त्रच म्हणतं. पण मंडळीचा जमाखर्च वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचला जावा, असा आग्रहही धरा.

रविवारची वेचणी. शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, म्हणजे शनिवार, सातवा दिवस. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून पहिल्या मंडळ्या जमायला लागल्या, आणि रोमी साम्राज्यात सुट्टीचा हुकूम कॉन्स्टंटाइनने काढला तो थेट ३२१ साली. मधली जवळजवळ तीनशे वर्षं कितीतरी ख्रिस्ती गुलाम आणि मजूर रविवारी कामावर जात होते आणि पहाटे किंवा रात्री जमत होते. तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर आहे, बोंडं फुटून लोंबतायत, आणि तुम्ही रविवारी कापूस घरात आणलात तर पाप लागत नाही. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी काढत नाही का, असं प्रभूंनीच विचारलंय.

मात्र दर रविवारी पाऊस डोक्यावर नसतो, हेही तुम्हाला माहीत आहे. 'निर्गम' या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्या. आणि तेविसाव्यात विसाव्याचं कारण दिलंय, तुझ्या बैलाला, गाढवाला, दासीच्या मुलाला आणि परक्याला दम खाता यावा म्हणून. इथे मालकाच्या उपासनेचा उल्लेखही नाही. तुमच्या वेचणाऱ्या बायकांना बाजारच्या दिवशी सुट्टी असते का? बाजारच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा हिशोब चुकता होतो का? वजनकाटा सरळ असतो का? रविवार पाळून मजुरी अडवणाऱ्याला याकोबाच्या पत्रात फार कडक शब्द आहेत, अडवलेली मजुरी ओरडते असे. वेचणीच्या दीड-दोन महिन्यांत उपासना संध्याकाळी ठेवा असं मंडळीला सुचवा. शेतकऱ्यांची मंडळी असेल तर सगळ्यांचीच सोय होईल.

टिकली आणि मंगळसूत्र. पवित्र शास्त्रात दोन्हींवर एक अक्षर नाही. पेत्र आणि पौल सोन्याच्या दागिन्यांबद्दल, वेण्यांबद्दल बोलतात ते मिरवण्याविरुद्ध. काळ्या मण्यांच्या पोतीत क्रूस ओवून घालणाऱ्या मराठी ख्रिस्ती बायका मी लहानपणापासून बघतेय. कुजबुजणाऱ्यांना एवढंच विचारा, की तिच्या कपाळावर डोळे लावायचं काम त्यांना कोणी दिलं?

आणि तुमच्या बायकोचा तर अजून बाप्तिस्माही झालेला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अशा घराबद्दल सांगतो, की ती नांदायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये, देवाने आपल्याला शांतीत राहायला बोलावलंय. तिच्यावर घाई करू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली, मग एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं चालूच होतं. ते गेलं ते त्यांच्या मनातून, त्यांच्या वेळेने. तुमच्या बायकोने पुढच्या श्रावणात काय करायचं, रोट खायचा की नाही, हे तिलाच ठरवू द्या. ती काय म्हणते हे तुमच्या एवढ्या लांब पत्रात एकदाही आलेलं नाही.

नावाचं उत्तर सोपं आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल ज्यांची नावं घेतो त्यात फीबी आहे, हर्मेस आहे. फिलिप्पैकरांच्या पत्रात एपफ्रदीत आहे. करिंथच्या मंडळीत अपुल्लोस होता. ही सगळी नावं ग्रीक देवदेवतांवरून आलेली. पौलाने एकालाही नाव बदलायला लावलं नाही. शौलाचा पौल बाप्तिस्म्यात झाला असं लोक सांगतात, तेही तसं नाही. त्याला दोन्ही नावं होती, आणि दमास्कसच्या वाटेवरच्या घटनेनंतर कित्येक वर्षांनी, कुप्र बेटावर, 'शौल, ज्याला पौलही म्हणत' असा उल्लेख येतो. तुमच्या आईबापांनी ठेवलेलं नाव तुम्हाला आवडत असेल तर तेच ठेवा. सातबारा, आधार, सोसायटीचं पासबुक आणि पोरीचा शाळेचा दाखला सगळीकडे बदलत बसायची कटकट वाचेल, ती वेगळीच.